भांगाचं पाणी

१

हिनाला समुद्राने नेलं, त्याला नऊ दिवस झाले होते. नवव्या दिवशी सकाळी तिची आई रंभाबाई सालवडला जागृतीच्या दारात येऊन उभी राहिली.

जागृतीने तिला पाहताक्षणी ओळखलं. त्या आठवड्यात पालघर-बोईसरमध्ये ज्याच्या हातात मोबाइल होता, त्या प्रत्येकाने ही बाई पाहिली होती. नवापूरच्या किनाऱ्यावर कमरेइतक्या पाण्यात उभी राहून, छाती बडवत लेकीला हाका मारणारी. कुणीतरी ते टिपून त्याला मागून संगीतसुद्धा लावलं होतं.

“भुतांच्या पिच्चरमधल्या चुका काढता, त्या तुमीच का?”

“हो मावशी. आत या.”

जागृती तारापूरला एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होती. सुट्टीच्या दिवशी मात्र ती मोबाइल समोर मांडून बोलत बसायची. तिच्या चॅनलचं नाव होतं ‘इथं फसलं’. भिंतीतून आरपार जाणाऱ्या भुताला दाराची कडी का काढावी लागते? शेवटी जो खुनी निघतो, तो खोलीत एकटा असताना कुणासाठी घाबरल्याचं सोंग करतो? असले प्रश्न ती विचारायची. लोक हसायचे आणि पुढचा चित्रपट सुचवायचे.

रंभाबाई खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून खाली बसली आणि जे सांगायचं ते एका दमात सांगून टाकलं.

नवापूरला किनाऱ्यालगत एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे. पालघरचा भाग्येश नावाचा तरुण तिथे भुताचा चित्रपट करत होता. बर्फात गोठून मेलेली एक बाई गावच्या पोरींना एकेक करून बोलावून नेते, अशी गोष्ट. त्यात हिना काम करायची. बाकी माणसं दोनच. कॅमेऱ्यावर धीरज आणि रंगभूषेला स्नेहा. अवसेच्या दिवशी दुपारी साडेबाराला हिना एकाएकी उठली, परक्या आवाजात हसली, माडीवर चढली आणि खिडकीतून मागच्या मागे समुद्रात पडली. तिघांनी पोलिसांना हेच सांगितलं. धीरजच्या कॅमेऱ्यात ते सगळं आलं होतं, आणि ती फीत दुसऱ्याच दिवशी गावोगाव पोचली होती.

“बुडालेलं माणूस तीन-चार दिसात कुठंतरी लागतं, बाय. सातपाटीला लागलं, डहाणूला लागलं. माझी पोर कुठंच नाय. गाववाले म्हनतात तिला बर्फवालीनं नेली, ती आता मिलायची नाय. माझ्या हातची मासली कोन घेत नाय. तिचा बाप रोज होडी घेऊन जातो, तिला शोधाया. काय खात नाय, काय बोलत नाय.” तिने पदराने तोंड पुसलं. “तुमी म्हनता ना, कुठं फसलं? मग या गोष्टीत कुठं फसलंय तेवढं सांगा.”

तीन महिन्यांपूर्वी भाग्येशने हीच कथा तिला वाचायला दिली होती. शेवट फुसका आहे, असं तिने त्याला तोंडावर सांगितलं होतं. ते रंभाबाईला सांगायचा धीर मात्र तिला झाला नाही.

२

“मावशी, तुम्ही ती फीत पाहिली आहे?”

“नाय. गावातली एकबी बाई ती बघत नाय. बापये बघतात नि मधीच डोले मिटतात.”

जागृतीला हे विचारणं जिवावर आलं होतं. पण फिती तिने शंभर पाहिल्या असल्या तरी समुद्र तिला कळत नव्हता. ती मूळची जळगावची. भरती कधी, ओहोटी कधी, हे तिला मोबाइलवर शोधावं लागे. “एकदाच पाहाल का? हिनाकडे पाहू नका. मागचं पाहा. पाणी, दगड, काय दिसेल ते.”

तिने लॅपटॉपवर फीत लावली. चाळीस सेकंद. पांढरी साडी, मोकळे केस, भर दुपारचं ऊन. हिना वळली, हसली, आणि खिडकीतून मागे कलली. कॅमेरा धावत खिडकीशी गेला. खाली निळंकरडं पाणी चमकलं, आणि फीत संपली.

रंभाबाईचा हात तोंडावर होता. पण डोळे उघडे होते.

“शेवटलं परत लावा.”

जागृतीने तो क्षण थांबवून ठेवला. रंभाबाई पुढे सरकली आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका काळ्या ठिपक्यावर तिने बोट ठेवलं.

“हा कालवांचा खडक. लगीन झाल्यापासून मी याच्यावर कालवं फोडते. बापये तिथं जात नाय, ते बायांचं काम. अवसेला उधान असतं. दुपारी बारा-एकला भरती. तेवा हा खडक पार पान्याखाली, वर दोन पुरुस पानी. इथं तर अर्धा वर हाय. नि पानी बघा कसं, ना भरती ना ओहोट, नुसतं उभं. हे भांगाचं पानी हाय, बाय.”

“भांगाचं म्हणजे?”

“अष्टमीच्या आसपासचं. तेवा समुद्राला जोरच नसतो. धड येत नाय, धड जात नाय.”

जागृतीने पंचांग काढलं. अवसेच्या आधीची अष्टमी म्हणजे सात-आठ दिवस मागे. म्हणजे ही फीत त्या दिवशीची नव्हतीच. चित्रपटासाठी आधीच घेतलेलं ते एक दृश्य होतं. खिडकीखाली भिंतीलगत, कॅमेऱ्यात येणार नाही असं जाळं बांधलेलं असणार.

खरोखर कुणी डोळ्यांदेखत पडलं असतं, तर जुनं दृश्य दाखवायची गरज काय? त्या दिवशी खिडकीत काहीच घडलं नव्हतं. मग हिनाचं घडलं तरी काय? जागृतीच्या मनात जे आलं, ते तिने ओठांवर येऊ दिलं नाही. पण रंभाबाईने तिच्या चेहऱ्यावर ते वाचलं.

“मारली का हो तिला त्यांनी?”

३

धीरज बोईसर स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम करायचा. रंभाबाईला दारात पाहून त्याच्या हातातला फोटोंचा गठ्ठा खाली पडला.

“मी पोलिसांना सगळं सांगितलंय.”

“किती वाजता पडली?” जागृतीने विचारलं.

“साडेबाराला.”

“पाणी कुठवर होतं?”

“भिंतीला लागलं होतं. लाटा उसळत होत्या.”

“तुझ्या फितीत खडक अर्धा वर आहे, धीरज. लाट एकही नाही.”

धीरज फोटो गोळा करायला वाकला तो वाकलेलाच राहिला. “मला फक्त कॅमेरा धरायला सांगतात,” तो जमिनीकडे बघत पुटपुटला. “जास्त मला नका विचारू. मी मावशींसमोर उभा नाही राहू शकत.”

भाग्येश पालघरला भेटला. तो मात्र घाबरला नाही. त्याने रंभाबाईच्या पायांना हात लावला आणि तिला बसायला पंखा असलेली जागा दिली. “फितीचं काय घेऊन बसलीस, जागृती? संपादनात एखादा तुकडा इकडचा तिकडे होतो. आम्ही सगळे हादरलो होतो.” मग तो रंभाबाईकडे वळला. “मावशी, उद्या रविवारी पालघरच्या सभागृहात आपल्या चित्रपटाचा पहिला खेळ आहे. तुम्ही यायचंच. हिनाच्या बाबांना, भगवंतकाकांनाही आणा. पहिल्या रांगेत, मधोमध बसा. हिनालाही तेच आवडेल.”

‘आवडेल.’ जागृतीच्या कानात तो शब्द अडकून बसला. मेलेल्या माणसाबद्दल लोक ‘आवडलं असतं’ म्हणतात. आणि ज्या बाईची लेक या चित्रपटापायी गेली, तिला पहिल्या रांगेत, तेही मधोमध बसवण्याची याला एवढी घाई कशासाठी?

परतीच्या रिक्षात रंभाबाई गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. वाऱ्याने डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत जात होतं.

“हिना कशी होती हो, मावशी?”

“हट्टी. नवव्या वर्षापासून साखर हाय तिला. सकाल-संध्याकाल आपल्या हातानं सुई टोचून घ्यायची, पन रडायची नाय. आता तर घरात ती औषधाची बाटलीबी नाय. फ्रीज उघडला की मला तेवढंच दिसतं. रिकामी जागा.”

जागृती एकदम तिच्याकडे वळली. “बाटली नाही? रोज शूटिंगला जाताना न्यायची ती?”

“नाय. सकाली टोचून जायची, संध्याकाली घरी येऊन टोचायची. बाटली फ्रीजमधीच असायची. कधी नेली काय म्हायत.”

“रिक्षा थांबवा,” जागृती म्हणाली.

४

रस्त्याच्या कडेला, सरवलीच्या फाट्याजवळ, तिने रंभाबाईचे दोन्ही हात धरले.

“मावशी, नीट ऐका. संध्याकाळी घरी येणारी पोर औषधाची बाटली बरोबर नेत नाही. मरायला निघालेलीही नेत नाही. आणि भूत तर नाहीच नेत. बाटली गेली, म्हणजे आपण काही दिवस घरी येणार नाही हे हिनाला त्या सकाळीच ठाऊक होतं.”

“मला न सांगता? ती नाय जायची.”

“तेच जुळत नाही. तिला ठाऊक होतं आणि तुम्हाला नव्हतं. म्हणजे तिने सांगितलं असणार, आणि ते तुमच्यापर्यंत कुणीतरी पोचू दिलं नसणार.”

नऊ दिवस रंभाबाईने जे मनाशी कबूल करत आणलं होतं, ते आता कुणीतरी ओढून काढत होतं. त्याचाच तिला त्रास होत होता. “आशा नका लावू, बाय,” ती म्हणाली. “लावलीत नि खोटी निघाली, तर मी नाय वाचायची.”

राहिली होती एकटी स्नेहा. तिचं बोईसरमध्ये छोटं ब्युटी पार्लर होतं. त्या गेल्या तेव्हा स्नेहा एका गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला लेप लावत होती. तिच्या स्वतःच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं पडली होती.

“पाणी मिळेल का?” जागृतीने विचारलं.

“घ्या ना, फ्रीजमध्ये आहे.”

जागृतीने फ्रीज उघडला. पाण्याची बाटली समोरच होती. पण डोक्यात एकच गोष्ट घेऊन ती आली होती, म्हणून तिने वरचा बर्फाचा कप्पाही उघडला. बर्फाच्या ट्रेशेजारी कापडी पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते बाहेर काढलं. काचेची छोटी बाटली. इन्सुलिन. आतलं औषध गोठून पांढरं झालं होतं.

रंभाबाई मागून आली. बाटलीकडे तिने पाहिलंच नाही. पिशवी ओढून घेतली आणि तिच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

“ही मी शिवलीय,” ती म्हणाली. “माझी हिना कुठं हाय?”

स्नेहाच्या हातातली वाटी खाली पडली. ती भिंतीला धरून खाली बसली आणि हमसाहमशी रडू लागली. “जिवंत आहे, मावशी. देवाशप्पथ जिवंत आहे. मासवणला भाग्येशच्या आत्याकडे. उद्या खेळ संपला की तिला सगळ्यांसमोर स्टेजवर आणणार होते. तिनेच हो म्हटलं होतं! तिने तुमच्यासाठी चिठ्ठी लिहिली होती. मी ती भाग्येशकडे दिली. तो म्हणाला, मी पोचवतो. तुमचं रडणं पाहिल्यावर मला कळलं, की पोचवली नाही. पण तोवर पोलीस येऊन गेले होते, मी खोटं बोलून बसले होते...”

“ही बाटली वरच्या कप्प्यात कधीपासून आहे?” जागृतीचा आवाज चढला.

“चार दिवस. सारखी वीज जात होती. खराब होऊ नये म्हणून मीच ठेवली. मासवणच्या घरी फ्रीज नाही. मी रोज सकाळी वितळवून, सुया भरून नेते.”

“गोठलेलं इन्सुलिन पुन्हा कामाचं राहत नाही, स्नेहा! चार दिवस तू तिला जवळजवळ पाणी टोचते आहेस. कशी आहे ती?”

स्नेहाचं रडणं थांबलं.

“कालपासून सारखं पाणी मागते,” ती हळूच म्हणाली. “उलट्या होतायत. आज सकाळी उठली नाही. मला वाटलं, झोपलीय.”

५

रुग्णवाहिका यायला वेळ लागणार होता. जागृतीने पोलिसांना आणि रुग्णवाहिकेला मासवणचा पत्ता दिला. शेजारच्या दुकानदाराची व्हॅन मिळाली. रंभाबाई पुढे बसली, स्नेहा रस्ता दाखवायला मागे. पालघर गेलं, मनोरचा रस्ता लागला. रंभाबाई ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. देवाचं नाव असेल, असं जागृतीला वाटलं. मग तिने कान देऊन ऐकलं. रंभाबाई वाटेतले मैलाचे दगड मोजत होती. पालघर सहा, पालघर सात, पालघर आठ.

मासवणला गावाच्या टोकाला कौलारू घर होतं. भाग्येशची आत्या मैनाबाई दारातच भेटली. बिचारी चांगली बाई. पोरगी सिनेमातली आहे, लोकांपासून लपून आराम करते आहे, एवढंच तिला सांगितलेलं. “बरं झालं तुमी आलात,” ती म्हणाली. “सकाळपासून हाक मारते तर ओ देत नाय. भाग्येशला फोन केला, तर म्हणतो उद्यापर्यंत सांभाळ.”

आतल्या खोलीत खाटेवर हिना पडली होती. ओठ फुटले होते. श्वास खोल आणि भरभर चालला होता, धावून आलेल्या माणसासारखा. जागृती तिच्या तोंडाजवळ वाकली. पिकलेल्या फळासारखा, अॅसिटोनचा वास. प्रयोगशाळेत रोज नाकाशी असणारा तो वास आता माणसाच्या श्वासाला येत होता.

रंभाबाई खाटेच्या कडेला बसली. तिने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. छाती बडवली नाही, हाक मारली नाही. साऱ्या जिल्ह्याने पाहिलेलं ते रडणं आता येतच नव्हतं. ती फक्त हिनाचे केस मागे सारत राहिली.

“हिने,” ती म्हणाली. “मी आली.”

हिनाच्या पापण्या हलल्या. उघडल्या नाहीत.

६

पालघरच्या रुग्णालयात हिनाला आत घेतलं आणि दार बंद झालं. वाचेल का, असं विचारल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अजून दोन तासांनी आणली असती, तर मी हो म्हटलं नसतं. आता थांबा.”

स्नेहाने फोन केल्यामुळे भाग्येश तिथे धावत आला. त्याच्या मागोमाग पोलीसही आले. त्यांच्या गाडीत बसण्याआधी तो जागृतीसमोर थांबला. सकाळचा तो शांत माणूस कुठल्या कुठे गेला होता.

“मला तिच्या औषधाचं काही माहीत नव्हतं. ते स्नेहा बघायची. मी कुणाला मारायला निघालो नव्हतो. उद्या मावशींना लेक परत मिळणारच होती. असा शेवट कुणी पाहिला नसता.”

“चिठ्ठी का दिली नाहीस?”

“दिली असती, तर त्या तशा रडल्या असत्या?” तो चिडून म्हणाला. “आणि हे तूच सांगितलं होतंस. शेवट फुसका आहे म्हणालीस. मेलेली बाई जिवंत निघाल्याचा धक्का तेव्हाच बसतो, जेव्हा तिच्यासाठी आधी कुणीतरी खरं रडलेलं असतं. तुझेच शब्द आहेत हे.”

जागृतीला ते शब्द आठवले. चहा पिता पिता, स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन ती ते बोलली होती. ती भिंतीला टेकली.

“मी कागदावरच्या माणसांबद्दल बोलत होते,” ती म्हणाली. पण भाग्येशला पोलिसांनी तोवर पुढे नेलं होतं, आणि ते ऐकायला शेजारी फक्त रंभाबाई होती. रंभाबाईने सगळं ऐकलं होतं. ती बाकावर थोडी सरकली आणि जागृतीला बसायला जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिना शुद्धीवर आली. आईला पाहून ती हसली आणि म्हणाली, “चिठ्ठी वाचलीस ना? रागावलीस का?” रंभाबाईने मान हलवली. होकार होता की नकार, ते तिचं तिलाच माहीत.

भगवंतला अजून काहीच ठाऊक नव्हतं. तो आदल्या दिवसापासून होडीवरच होता आणि फोन लागत नव्हता. दुपारी जागृती आणि रंभाबाई नवापूरच्या किनाऱ्यावर थांबल्या. होडी आली तेव्हा त्याची दाढी मिठाने पांढरी झाली होती. रंभाबाई पाण्यात शिरून त्याच्याशी बोलली. तो ऐकत होता आणि दोर गुंडाळत होता. जागृतीने वॉर्डमधल्या परिचारिकेला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल त्याच्यापुढे धरला. पडद्यावर हिनाचा चेहरा आला. “बाबा,” ती म्हणाली.

भगवंतने क्षणभर पाहिलं आणि मान फिरवली.

“ती पिच्चरमधीबी बोलते,” तो म्हणाला.

तरी तो आला. ओल्या कपड्यांनी, अनवाणी. वॉर्डच्या दारात थबकला. बाकीच्या खाटांवरची माणसं त्याच्याकडे बघू लागली. हिना उशीला टेकून बसली होती, हाताला सलाईन. तिने हात पुढे केला. तो तिच्या चेहऱ्याकडे गेला नाही. खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला, चादरीचं टोक धरलं आणि हळूच वर उचललं.

पाय सरळ होते. बोटं पुढे, टाचा मागे.

भगवंत खाली बसला. ते दोन्ही पाय त्याने छातीशी धरले, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा तो मोठ्याने रडला.